जीप खाडीतून जाईल

लातूर
२ सप्टेंबर १९८२

प्रिय पंचे,

पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. रागावलीस तरी शेवटपर्यंत वाच, कारण खाली मोठी बातमी आहे.

आमचा जिल्हा झाला. पंधरा ऑगस्टला झेंडा, बँड, भाषणं, पेढे सगळं झालं आणि सोळा तारखेला लक्षात आलं की जिल्ह्याला बसायला खुर्च्या नाहीत. उस्मानाबादहून ट्रकमधून वाटणीचं सामान येतंय. भाऊ वेगळे निघाले की थोरला जसं देतो तसं त्यांनी दिलंय. कपाटं आली, किल्ल्या आल्या नाहीत. टाइपरायटर आला, त्याचा रोलर तिकडेच राहिला. जिल्हा कचेरीत मला टंचाई शाखेत टाकलंय. पोळ्यापासून पावसाचा थेंब नाही, तेव्हा शाखा जोरात आहे. कोणत्या गावाला टँकरच्या किती खेपा, हे दिवसभर कागदावर मांडते. घरी गेल्यावर नळ कोरडा असतो ते वेगळं.

आता बातमी. मेमध्ये पोरीचं लग्न झालं, ते तुला ठाऊक आहे. परवा जेवताना आमचे हे सहज म्हणाले, "तुला कुठं जायचं आसंल तर जाऊन ये. परत म्हणशील, कुठं नेलं न्हाई." वीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांचा घास खाली उतरायच्या आत मी म्हटलं, समुद्र पाहायला जाते, पंचशीलेबरोबर. त्यांना वाटलं होतं मी तुळजापूर म्हणेन.

तर दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस. किल्लारीच्या माणिकप्पाची जीप ठरवते. चौदा माणसं आणि दोन शेळ्या बसवायची त्याला सवय आहे. फक्त दोन बाया म्हटल्यावर तो म्हणाला, गाडी हलकी पडंल. समुद्राच्या कडेकडेने जायचं, जिथे आवडेल तिथे थांबायचं. पुढारी तू, कारण तू पाहिलेला आहेस. तुझं त्रेसष्ट सालचं चार पानी पत्र अजून माझ्या ट्रंकेत आहे. नवी नवरी होते तेव्हा धान्याच्या बळदाशेजारच्या खोलीत बसून मी ते इतक्या वेळा वाचलंय की लाटांचं पान मला पाठ आहे.

हो म्हण. नाही म्हणायचं असेल तर लोह्याहून स्वतः येऊन सांग.

तुझी
तारामती

•

लोहा, ता. कंधार
११ सप्टेंबर १९८२

तारे, जयभीम.

नव्या जिल्ह्याबद्दल अभिनंदन. आम्ही अजून जुन्याच जिल्ह्यात आहोत, पण आमच्याकडे खुर्च्या आहेत.

तुझी बातमी वाचून आनंद झाला. दाजींनी तुला जा म्हटलं, हे वर्तमानपत्रात छापायला हवं. पण मी काय म्हणते, समुद्रच कशाला? समुद्र म्हणजे नुसतं पाणी, तेही खारट. टंचाई शाखेच्या बाईने असल्या निरुपयोगी पाण्यासाठी जीप ठरवावी, हे मला पटत नाही. त्यापेक्षा अजिंठा-वेरूळ बघू. दगड आहे, उन्हात बाधत नाही, माहिती मी देईन. नाही तर सहस्रकुंडचा धबधबा. यंदा त्याला पाणी नसेल, पण धबधब्याचा दगड एरवी कोणाला दिसतो?

आणि जीपचा विचार कर. तुला तुझ्या गावाहून, उमरीहून, नांदेडला येताना बसमध्ये मळमळत होतं. आंबा घाटात काय करशील?

तरीही तुझा हट्टच असेल तर मी शाळेतला ॲटलास काढते आणि रस्ता आखते. सातवीला भूगोल मीच शिकवते, तेव्हा आखणं अवघड नाही. आई बरी आहे. तुला आशीर्वाद सांगते.

तुझी
पंचशीला

•

(हे पत्र टाकलं नाही.)

लोहा
११ सप्टेंबर, संध्याकाळ

तारे,

सकाळचं पत्र पेटीत टाकून आले आणि आता हे लिहायला बसलेय. मी समुद्र पाहिलेला नाही. ट्रेनिंग कॉलेजच्या त्रेसष्टच्या सहलीला मी गेलेच नव्हते. ते चार पानी पत्र मी नांदेडला मावशीच्या घरी बसून लिहिलं होतं, समोर भूगोलाचं पुस्तक ठेवून.

हे तुला कसं सांगू ते मला सुचत नाही. वीस वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर एका पोस्टकार्डात भागलं असतं. आता तू ते पान पाठ केलंयस.

•

लातूर
२० सप्टेंबर १९८२

प्रिय पंचे,

अजिंठा रद्द. दगड मला इथे पुष्कळ दिसतात. अख्ख्या जिल्ह्यात सध्या तेच पीक आहे.

मळमळीची काळजी करू नकोस, लिंबं घेते. माणिकप्पाशी बोलणं पक्कं झालं. एकवीस नोव्हेंबर, रविवार, पहाटे लातूरहून. तू शनिवारीच एसटीने ये. साहेबांनी आठ दिवसांची रजा तोंडी कबूल केलीय.

घरात मात्र कोर्ट बसलंय. सासूबाईंनी विचारलं, समुद्र रस्त्याला लागून आहे तर गाडी घसरली की धरायला काय आहे. मी म्हटलं, माणिकप्पा आहे. मग म्हणाल्या, "एवढं पाणी हाय, तर तिथल्या बाया पाणी भरायला कुठं जातात?" याचं उत्तर तू लिहून पाठव. आमचे हे म्हणतात, प्यायचं पाणी इथूनच न्या, बाहेरचं बाधतं. दोन पिंपं जीपमध्ये टाकणार आहेत. पंचे, लातूरहून पाणी घेऊन समुद्राकडे जाणारी ही पहिलीच खेप असेल.

आता माझे प्रश्न. लाट अंगावर आली की उभं राहायचं की मागे पळायचं? साडीवर मीठ बसतं का? तुझ्या पत्रात आहे की समुद्राचा आवाज "दूरच्या जत्रेसारखा" येतो. किती दुरून येतो? मी डोळे मिटून बसेन, आवाज आला की तू सांगायचं नाहीस, मीच सांगेन. आणि मावळताना सूर्य पाण्यात बुडतो तेव्हा चर्र असा आवाज येईल असं वाटत राहतं, असंही तू लिहिलंयस. मी हे पोरीला लहानपणी सांगायचे. ती विचारायची, पंचामावशी खरंच तिथं होती? मी म्हणायचे, होती, अगदी पाण्यात उभी होती.

रस्ता लवकर पाठव.

तुझी
तारामती

•

लोहा
३ ऑक्टोबर १९८२

तारे, जयभीम.

सासूबाईंना सांग, तिथल्या बाया विहिरीवर जातात. समुद्राकाठी विहिरी गोड असतात, असं पुस्तकात आहे. म्हणजे मी पाहिलंही आहे.

ॲटलास, एसटीचं वेळापत्रक आणि हेडमास्तरांकडचा रस्त्यांचा नकाशा पुढ्यात घेऊन दोन रविवार बसले. आई म्हणाली, "पंचफुले, परीक्षा तुजी हाय का पोरांची?" ती अजून जुन्या नावाने हाक मारते, तेही रागावली की. पण खरं सांगते, आखायला बसले आणि मला त्यात मजा वाटायला लागली. मी सुरुवातीला उगाच टाळाटाळ करत होते.

पहिल्या दिवशी लातूर, सोलापूर, सांगोला, मिरज. मुक्काम मिरजेला, माझी चुलतबहीण रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहते. दुसऱ्या दिवशी कोल्हापूर, आंबा घाट, रत्नागिरी. घाटात तू पुढे बसायचं आणि लिंबू चोखायचं. तिसरा दिवस रत्नागिरीत, काही करायचं नाही, पाण्याकडे बघत बसायचं. चौथ्या दिवशी गणपतीपुळे. तू देवळात जा, मी बाहेर वाळूत बसते. तिथून किनाऱ्याने वर सरकायचं, जयगड, मग गुहागर, मग दाभोळ, दापोली, हर्णै. हर्णैला मासळीचा लिलाव किनाऱ्यावर होतो. तू खात नाहीस, पण बघायला हरकत नाही. येताना महाबळेश्वर, सातारा, पंढरपूर करून घर.

नकाशात एक अडचण दिसते, ती सांगून ठेवते. जयगडला आणि दाभोळला रस्ता तुटलेला दाखवलाय आणि मध्ये निळा पट्टा आहे. तिथे खाडी आहे, म्हणजे नदीचं तोंड. पूल नाही. त्याची चिंता नको. आपल्या मन्याड नदीवर तरी कुठे पूल होते? पात्रात उतरायचं आणि पलीकडे चढायचं. नोव्हेंबरात घोटाभर पाणी असतं. मी स्वतः पाहिलंय, पाणी ओसरलं होतं आणि पाय धड भिजतही नव्हते. माणिकप्पाला एवढंच सांग की रेती मऊ असेल तर चाकाखाली टाकायला चार पोती जवळ ठेव. चिपळूणहून वळसा घालण्यात दिवस मोडतो, तो वाचेल.

रस्ता वेगळ्या कागदावर नीट लिहून जोडलाय. फाइलला लावायच्या लायकीचा झालाय.

तुझी
पंचशीला

•

लातूर
१४ ऑक्टोबर १९८२

प्रिय पंचे,

तुझ्या रस्त्यावरून आमच्या ऑफिसात महाभारत झालं.

नव्या जिल्ह्यात सगळीकडून माणसं बदलून येतात. तसे एक नायब तहसीलदार आलेत, गुहागरकडचे. अतिशय सालस माणूस. आल्यापासून बादलीभर पाण्यात अंघोळ करायला शिकताहेत. मधल्या सुट्टीत मी कौतुकाने तुझा कागद त्यांच्यापुढे ठेवला. रत्नागिरीपर्यंत ते मान डोलावत होते. जयगडवर आले आणि थांबले. परत वाचलं. मग चहाचा कप खाली ठेवून त्यांनी मला विचारलं, "जीप लाकडाची आहे का?"

पंचे, ते हसले ते हसलेच. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. शिपायापासून अव्वल कारकुनापर्यंत सगळे जमले. त्यांचं म्हणणं, त्या खाड्यांमधून मचवे जातात, लाँच जातात, माणसं होडीने पलीकडे जातात. दिवसातून दोनदा पाणी चढतं, दोनदा उतरतं. उतरलं तरी मधल्या धारेत हत्ती बुडेल. नोव्हेंबर असो की मे असो, पावसाशी त्याचा संबंध नाही. त्यांनी टंचाईच्या नोंदवहीच्या मागच्या पानावर चित्र काढून दाखवलं.

मी गप्प बसले असेन असं तुला वाटतं का? मी म्हटलं, साहेब, तुमचा जन्म तिकडचा, मान्य. पण माझी मैत्रीण स्वतः जाऊन आलीय, पाण्यात उभी राहिलीय. तुमच्या गावची खाडी खोल असेल, ती सांगते ती नसेल. पुस्तकातून लिहिणाऱ्यातली ती नाही. ते म्हणाले, बाई, मैत्रिणीने दुसरंच काही पाहिलं असेल. मी म्हटलं, ती जे पाहत नाही ते लिहीत नाही.

माणिकप्पा माझ्या बाजूने आहे. तो म्हणतो, "मांजरेत घातली, तेरणेत घातली. नदी कोणची बी आसू द्या, दिवाळीला तिच्यात रस्ता असतोच." आमचे हेही म्हणतात, एवढं वाहतं पाणी कोण बिनकामाचं समुद्रात सोडून देईल.

आता तू एक कर. कडक भाषेत पत्र लिही. केव्हा गेलीस, कुठे उतरलीस, खाडी कुठल्या जागी ओलांडलीस, पाणी किती होतं. मी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवते. मला खाडीचं काही नाही गं. पण माझ्या मैत्रिणीला खोटं ठरवलेलं मला चालणार नाही.

वाट बघते.

तुझी
तारामती

•

(पोस्टकार्ड)

लातूर
१ नोव्हेंबर १९८२

पंचे, अठरा दिवस झाले, पत्र नाही. आई बऱ्या आहेत ना? रजा लेखी मंजूर झाली. नायबसाहेब रोज विचारतात, खाडी आटली का. माणिकप्पाने पोती गोळा केली. दोन ओळी तरी लिही. तारामती.

•

लोहा
६ नोव्हेंबर १९८२

तारे,

आई बरी आहे. मीही बरी आहे. पत्र लिहिलं नाही कारण काय लिहायचं ते मला ठाऊक होतं.

नायबसाहेबांचं खरं आहे. मी कोणतीही खाडी ओलांडलेली नाही. मी समुद्र पाहिलेला नाही. मिरजेच्या पलीकडे मी कधी गेलेच नाही.

त्रेसष्टच्या जानेवारीत सहल निघायची होती तेव्हाचं आठव. सहलीच्या आधी पाच दिवस तुझे वडील आले आणि तुला लग्नासाठी घेऊन गेले. तू टांग्यात बसताना रडत होतीस, लग्नासाठी नव्हे, समुद्र चुकला म्हणून. मला म्हणालीस, पंचे, सगळं बघ आणि मला लिही, काही गाळू नकोस. दुसऱ्या दिवशी ट्रेनिंगच्या बाईंनी मला खोलीत बोलावलं. रत्नागिरीत मुलींची उतरायची सोय त्यांच्या ओळखीच्या घरी केली होती. त्या घरून मुलींच्या नावांची यादी मागवली होती. यादी गेली आणि उत्तर आलं. बाई वाईट नव्हत्या. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तुझी तिथे सोय होणार नाही. तू समजूतदार आहेस." तारे, मी वीस वर्षांची होते आणि मी खरंच समजूतदारपणे मान हलवली. त्याचा राग मला अजून येतो. त्यांच्यापेक्षा माझाच जास्त येतो.

ट्रंक घेऊन मी मावशीकडे गेले आणि सहल परत येईपर्यंत तिथे राहिले. बाकीच्या मुलींना सांगितलं, ताप आला. त्या ओल्या वाळूच्या आणि शंखांच्या गोष्टी सांगत होत्या. पाणी ओसरलं होतं, पायही भिजले नाहीत, हे त्यांच्यातलीच एक म्हणाली होती. तेच मी वीस वर्षांनी तुझ्या खाडीत सोडलं. भूगोलाची शिक्षिका असून भरती-ओहोटी मी पोरांना व्याख्येसकट शिकवते, पण ती नदीच्या तोंडात शिरते हे माझ्या डोक्यातच आलं नाही. नदीत पाणी असतं हेच मुळात आपल्याला कुठे आठवतं?

तुझं पहिलं पत्र सासरहून आलं, त्यात एकच ओळ होती, समुद्र कसा होता. खरं लिहायला मी पेन उचललं होतं. पण मग मला तुझा चेहरा दिसला. तू रडली असतीस, माझ्यासाठी. मला ते नको होतं. वसतिगृहात आपण एका ताटात जेवलो, एकमेकींच्या वेण्या घातल्या. तिथे मी तुझ्याएवढीच होते. एकदा तुला माझी कीव आली असती तर ते संपलं असतं. म्हणून मी भूगोलाचं पुस्तक समोर ठेवून चार पानं लाटा लिहिल्या. जत्रा माळेगावची घातली, सूर्याचं चर्र मावशीच्या चुलीतल्या निखाऱ्याचं घातलं.

तू ऑफिसात माझ्यासाठी भांडलीस हे वाचून मला जेवण गेलं नाही. तू फसलीस ते माझ्यामुळे, आणि चारचौघांत हसं झालं तेही माझ्यामुळे. जीप रद्द करायची असेल तर कर. दुसऱ्या कुणाबरोबर जायचं असेल तर जा, त्या नायबसाहेबांकडून रस्ता नीट करून घे. पण ते पत्र फाडू नकोस, एवढं मागते. खोटं असलं तरी इतकं मनापासून मी दुसरं काही लिहिलेलं नाही.

पंचशीला

•

लातूर
१२ नोव्हेंबर १९८२

पंचे,

तुझं पत्र मंगळवारी आलं. दोन दिवस मी काही लिहिलं नाही, कारण मला राग आला होता आणि तो कशाचा ते समजत नव्हतं. आता समजलं, तेव्हा क्रमाने सांगते.

पहिली गोष्ट, खोटं बोललीस त्याचा राग नाही. त्या पत्रावर मी सासरचं पहिलं वर्ष काढलं, ते भूगोलाच्या पुस्तकाचं असो की आणखी कशाचं. ते मी फाडायचा प्रश्नच नाही.

दुसरी गोष्ट, मी तुझा वीस वर्षं हेवा केला, हे तुला आज सांगते. पोरीला ताप असला, सासूबाईंनी बोल लावला, बढती हुकली, की माझ्या मनात यायचं, पंचीचं बरं आहे, तिने निदान समुद्र पाहिलाय. मी तुला मोकळी आणि सुखी समजत होते आणि तू मावशीच्या घरी ट्रंकेवर बसली होतीस. दोघींनीही पाहिला नव्हता आणि दोघी एकमेकींना सांभाळत बसलो. याचा मला राग आला. आणि रडूही आलं, तुला नको होतं तरी. कीव करून रडले नाही. तू एकटी होतीस म्हणून रडले. यात फरक आहे, तुला पटत नसेल तर समोर ये, मग सांगते.

ऑफिसात मी गेले आणि सगळ्यांसमोर नायबसाहेबांना म्हटलं, तुमचं बरोबर, आम्ही दोघींनीही समुद्र पाहिलेला नाही. कारण सांगितलं नाही. ते सांगायचं की नाही हे तुझं तू ठरव. ते बिचारे ओशाळले. कागद घेतला आणि चिपळूणवरून वळसा घालून नवा रस्ता आखून दिला. दाभोळला जीप अलीकडे ठेवून आपण होडीने पलीकडे जाऊन परत यायचं, असं त्यांनी खाली लाल शाईने लिहिलंय. माणिकप्पा होडीत बसणार नाही म्हणतो.

तिसरी गोष्ट सांगायला सगळ्यात अवघड आहे. तुझं पत्र वाचल्यापासून मी मोजतेय, आपण किती वेळा भेटलो. नांदेडच्या एसटी स्टँडवर सात वेळा. उमरीला माझ्या माहेरी एकदा, तेही शेतात. ट्रेनिंग कॉलेजच्या दारात एकदा. तुझ्या घरी एकदाही नाही. मी कधी तुझ्या घरी पाणी प्यायले नाही, पंचे. वसतिगृहात एका ताटात जेवलेली मी. मी स्वतःला सांगत आले की लोहा वाटेवर नाही, वेळ होत नाही, तू कधी बोलावलं नाहीस. रत्नागिरीच्या त्या माणसांनी यादी पाहून नाही म्हटलं. मी यादी न पाहताच तेच करत होते, आणि वर तुला प्रिय पंचे लिहीत होते.

तेव्हा तुझ्या आखणीत मी एक बदल केलाय. तू लातूरला यायचं नाही. शनिवारी वीस तारखेला मी जीप घेऊन लोह्याला येते. मुक्काम तुझ्या घरी. रविवारी पहाटे तिथून निघू. माणिकप्पा म्हणाला, बाई, समुद्र तिकडं हाय, तुमी शंभर किलोमीटर उलटं काउन चालला? मी म्हटलं, पहिला मुक्काम तिकडे आहे.

घरी सांगितलं. सासूबाईंनी ताटावरचा हात थांबवला आणि म्हणाल्या, "जा, पर दशम्या बांधून ने. तिथं खाऊ नको." मी म्हटलं, "न्हाई आत्याबाई. तिथंच जेवणार हाय." तेव्हापासून त्या बोलत नाहीत. आमचे हे मध्ये पडले नाहीत, पण सकाळी जीपच्या टपावर पिंपं त्यांनीच बांधून पाहिली.

मी येऊ का? या वेळी मी विचारतेय.

तारामती

•

लोहा
१७ नोव्हेंबर १९८२

तारे, जयभीम.

ये.

पण एक दुरुस्ती करते, कारण आता खोटं मला जमणार नाही. मी बोलावलं नाही असं तू स्वतःला सांगत आलीस. मी दोनदा बोलावलं होतं. अडुसष्टला साहेबरावच्या, माझ्या भावाच्या लग्नाला, आणि चौऱ्याहत्तरला हे घर बांधलं तेव्हा. दोन्ही वेळा तू चांगल्यातली साडी पाठवलीस आणि आली नाहीस. दोन्ही साड्या मी नेसले नाही, कपाटात आहेत. तिसऱ्यांदा बोलावलं नाही, ते मुद्दाम. हे भांडण मी जीपमध्ये काढणार आहे. सोलापूरपर्यंत सहज पुरेल आणि राहिलंच तर आंबा घाटात, तुझ्या तोंडात लिंबू असेल तेव्हा.

दशम्या आणू नकोस. पिंपंही लोह्यात उतरव, आमच्याकडे नळ तिसऱ्या दिवशी येतो. रत्नागिरीला पाणी मिळतं असं त्या नायबसाहेबांच्या बोलण्यावरून दिसतं. माणिकप्पाला ओसरीवर खाट टाकते. सासूबाईंशी तू नीट बोलून निघ. त्यांच्या वयाला, ताटावरचा हात थांबला तरी तोंडाने जा म्हणणं थोडकं नाही, आणि तू परत जाणार आहेस ते त्यांच्याकडेच.

तुझं रडण्याबद्दलचं वाचलं. फरक पटला की नाही ते शनिवारी तुझं तोंड बघून सांगेन.

तू येणार म्हणून आईने कालपासून घर डोक्यावर घेतलंय. भिंतीला पोतेरं झालं, माठ घासला, शेजारच्या तीन घरांत सांगून आली. काल मला चुलीपुढे बसवून विचारलं, "लातूरची बाई यायलीय. तिला काय करून घालावं? ती काय खाती?"

मी म्हटलं, "आपण खातो तेच."

तुझी
पंचशीला